पाहुण्याच्या अंगावरचे कपडे

मुलांना भीती शिकवायची तर आधी त्यांना हसवावं लागतं. हे मला कुणी सांगितलं नाही, माझं मीच शिकलो. मी मिस्तरी. ट्रॅक्टर, मळणी यंत्र, पंप, जे जे फिरतं ते दुरुस्त करणं हा माझा धंदा, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. शेतकी शाळेच्या बाई एकदा वैतागून म्हणाल्या, "मिस्तरी, आमच्यावर ओरडता त्यापेक्षा मुलांवर ओरडा. निदान कुणाचे हात तरी वाचतील." तेव्हापासून बारा वर्षं, दर शनिवारी सकाळी, शाळेमागच्या शेडमध्ये माझा तास असतो.

पहिलं वर्ष नुसता ओरडलो. चालू यंत्राजवळ सैल कपडे नकोत. ट्रॅक्टरच्या मागून निघून मळणी यंत्राला फिरवणारा तो लोखंडी शाफ्ट आहे ना, त्याच्यावरून पाय टाकायचा नाही, वळसा घालून जायचं. शाफ्टवरचं कव्हर काढलेलं असेल तर ट्रॅक्टर सुरूच करायचा नाही. मुलं मन लावून माना डोलवायची आणि तास सुटला की त्याच शाफ्टवरून उड्या मारत घरी जायची. पालथ्या घड्यावर पाणी. मग मी पाहुणा केला.

पाहुणा म्हणजे गोणपाटात पेंढा भरून केलेला, बारा वर्षांच्या मुलाएवढा बाहुला. त्याला शर्ट घालायचा, चालू शाफ्टजवळ दोरीने टांगायचा, आणि लांबून काठीने त्याची बाही शाफ्टला टेकवायची. शाफ्ट सेकंदाला नऊ वेळा फिरतो. 'अगं आई' म्हणायला तोंड उघडेपर्यंत सगळं संपलेलं असायचं. पाहुणा हे नाव मुलांनीच ठेवलं. म्हणायची, येताना थाटात येतो आणि जाताना टोपलीतून जातो.

पण माझ्या जुन्या शर्टातला पाहुणा फाटला की मुलं पोट धरधरून हसायची. एका शनिवारी माझा शर्ट नव्हता म्हणून वर्गातल्याच एका मुलीचा जुना शर्ट घातला. शाफ्टने तो ओढला आणि तिच्या मैत्रिणीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. शेडमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. त्या दिवसापासून नियमच केला. दर शनिवारी पाहुण्याच्या अंगावर वर्गातल्या एकाचे, अंगावर वापरलेले कपडे. या युक्तीचा मला फार अभिमान होता.

घोळ झाला तो तीन गोष्टींमुळे. वर्गात एक चष्मेवाली होती. तिच्या शर्टाचा शनिवार झाला आणि महिन्याभरात तिचा स्कार्फ चारा कापायच्या यंत्रात गेला. नेमका तेव्हाच पट्टा तुटला. स्कार्फ गेला, मान राहिली. नंतर वर्गातला एक लंबू चालत्या ट्रॉलीवरून पडला, चाक पायावरून गेलं आणि पठ्ठ्या माती झटकत उठला. त्याच्याही शर्टाचा शनिवार झालेला होता. आणि बेकरीवाल्याचा मुलगा, ज्याच्या आईने 'चांगला शर्ट कशाला फुकट घालवायचा' म्हणून कधी कपडे दिले नव्हते, त्याची चारा कापायच्या त्याच यंत्रात दोन बोटं गेली.

मुलांनी हिशोब जुळवला. पाहुणा आपलं घेतो. आपल्यावर यायचं ते त्याच्यावर जातं. लस टोचून घ्यावी तसं ती आपसांत विचारू लागली, "तुझं झालं का?" "माझं मागच्याच शनिवारी झालं."

मी कानीकपाळी ओरडलो. अरे, तो पट्टा झिजलेला होता, मी मालकाला तीनदा सांगितलं होतं. चाकाखालची जमीन चिखल झालेली होती, म्हणून पाय दबला पण मोडला नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक वेळ आली, एवढंच. मुलं ऐकून घ्यायची. ऐकून घेण्यात ती पहिल्यापासूनच हुशार.

मग एका शनिवारी माझ्या लक्षात आलं की शेडमध्ये अठ्ठावीस मुलं आहेत आणि एकही दचकलेलं नाही. शाफ्टने पाहुण्याला ओढलं, गोणपाट टरटर फाटलं, पेंढा भिंतीपर्यंत उडाला. सगळी शांतपणे बघत होती. ज्याचा शर्ट होता त्या मुलाने डोळे मिटले होते. कापड फाटल्याचा आवाज झाला तसा त्याने लांब श्वास सोडला आणि हसला. बाकीची त्याच्याकडे हेव्याने बघत होती. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या शनिवारी फाटकापाशी आया उभ्या होत्या. आधी तिघी, मग सात, मग मी मोजायचं सोडलं. प्रत्येकीच्या हातात पिशवी, पिशवीत मुलाचा धुऊन, इस्त्री करून घडी घातलेला शर्ट. कुणी भांडत नव्हतं, पुढे घुसत नव्हतं, एकमेकींशी बोलतही नव्हतं. मी आरडाओरडा केला. "अक्कल गहाण टाकली का? तो पेंढा आहे, पेंढा!" त्या खाली बघत राहिल्या. एकीने पिशवीतून झबलं काढलं, माझ्या तळहाताएवढं.

"मिस्तरी, याला अजून मान धरता येत नाही," ती हळूच म्हणाली. "पण मोठा होईल तेव्हा तुम्ही असाल की नाही, काय सांगावं."

मी ते घेतलं नाही. पण पाहुणा तेव्हाच जाळून टाकायला हवा होता, तोही टाकला नाही. का, ते सांगतो. लोक माझं ऐकत नाहीत म्हणून जन्मभर बोटं मोडलेला माणूस मी. पहिल्यांदाच माझ्या दारात लोक रांग लावून उभे होते. ते मला आवडलं. लाज वाटते, पण आवडलं.

माझी लेक आणि जावई शेडच्या पलीकडच्याच घरात राहतात. जावई भाड्याने ट्रॅक्टर चालवतो. त्यांची एकुलती एक मुलगी नऊ वर्षांची. भिंत दिसली की चढायची आणि सापडेल ते खिशात भरायची, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणतात. माझ्या तासाला बारा वर्षांखालच्यांना मज्जाव, म्हणून ही शेडच्या भिंतीवर बसून बघायची. उन्हाळा असो की पाऊस, अंगात पिवळा स्वेटर. आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, त्यांनी एकाच लोकरीचे दोन विणले होते, एक स्वतःच्या धाकटीला आणि एक हिला. धाकटीचा थंडीतच कुठेतरी हरवला.

एक दिवस लेक म्हणाली, "बाबा, सगळ्यांचं झालं. आपल्याच पोरीचं राहिलं."

"तूसुद्धा?" मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "तुला मी हाच शहाणपणा शिकवला का?"

ती म्हणाली, "खोटं असेल तर बिघडणार काय आहे? आणि खरं असलं तर?"

त्यानंतरच्या रविवारी जावई ट्रॉली मागे घेत होता. चाकामागे खारूताई वाकून कसलासा नटबोल्ट उचलत होती. मी ट्रॉलीच्या पत्र्यावर हाताने दणके घातले. चाक तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर थांबलं. ती वर बघून हसली आणि नट खिशात टाकला. मला दिवसभर घास गेला नाही. डोळे मिटले की ते चाक थांबायचं नाही.

शनिवारी सकाळी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये गेलो. दोरीवर वाळत घातलेला पिवळा स्वेटर येता येता काढून आणला होता. तो पाहुण्याला घातला, त्यावर ठरलेल्या मुलाचा निळा शर्ट घातला आणि गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. गुंड्या लावताना मी कुणाला तरी विनवत होतो. कुणाला, ते मला माहीत नाही.

मुलं आली. शाफ्ट सुरू केला, काठीने बाही टेकवली. निळा शर्ट एका झटक्यात गेला. एरवी त्याच्याबरोबर पाहुणाही जातो. त्या दिवशी दोरी तुटली आणि तो जमिनीवर पडला, अंगात पिवळा स्वेटर तसाच. लोकरीचं एक टोक मात्र शाफ्टला अडकलं होतं. स्वेटर उसवायला लागला. आधी बाही, मग खांदा, मग छाती. पाहुणा जमिनीवर हळूहळू कुशी बदलत होता आणि शाफ्टवर पिवळा पट्टा जाड होत चालला होता. ट्रॅक्टर बंद करायला माझा हात उठेना. शेवटचा धागा गेला तेव्हा अठ्ठावीस चेहरे पाहुण्याकडून माझ्याकडे वळले.

भिंतीवरून खारूताई आनंदाने ओरडली, "माझं झालं!"

आणि खरं सांगतो, माझी छाती हलकी झाली. त्या दुपारी मी मेल्यासारखा झोपलो.

आता कुणाला काही समजावायची सोयच उरली नाही. मिस्तरींनी स्वतःच्या नातीचं करून घेतलं, मग बोलायलाच नको. दुसऱ्या दिवसापासून मुलं चालू शाफ्टवरून उड्या मारत नव्हती. सावकाश चालत ओलांडत होती, घराचा उंबरठा ओलांडावा तशी. मला उड्या बऱ्या वाटायला लागल्या. उडी मारणाऱ्याला निदान खाली काहीतरी आहे हे ठाऊक असतं.

मळणी सुरू झाली. एका दुपारी मी जावयाच्या यंत्राचा पट्टा बघायला शेतावर गेलो. यंत्र धडधडत होतं, जावई पलीकडे पोती शिवत होता, शाफ्टवरचं कव्हर गवतात पडलेलं. मी किती शिव्या घालायच्या याची मनात जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात खारूताई बापाचा डबा घेऊन आली. वळसा घालायला वीस पावलं लागली असती. ती सरळ शाफ्टपाशी आली आणि तिने पाय उचलला. फ्रॉकचा घेर शाफ्टपासून चार बोटांवर हलत होता.

ट्रॅक्टर बंद करायचं बटण पलीकडच्या बाजूला. ओरडलो तर दचकेल. मी होतो तिथेच थांबलो आणि आयुष्यात कधी बोललो नव्हतो इतक्या गोड आवाजात म्हणालो, "खारूताई, पाय मागे घे गं बाळा."

तिने मान वळवली. पाय तसाच अधांतरी. "काही होत नाही, आजोबा. माझं झालंय." माझी समजूत काढल्यासारखं बोलत होती.

मग मी ते बोललो. "तो स्वेटर तुझा नव्हता."

"माझाच होता!"

"तुझा माझ्या पेटीत आहे. पाहुण्याच्या अंगात शिवणवाल्या बाईंच्या धाकटीचा होता. तिचा हरवलेला मला शेडमध्येच सापडला. तुझं काही झालेलं नाही."

तिचा चेहरा बघता बघता उतरला. तिने फ्रॉक मुठीत धरला, पाय मागे घेतला आणि एक एक पाऊल मागे सरत गेली. मी पळत जाऊन ट्रॅक्टर बंद केला आणि तिथेच मातीत बसून रडलो. जावई धावत आला, काय झालं विचारत राहिला.

खारूताई त्या दिवसापासून यंत्र दिसलं की दहा हात लांबून जायला लागली. मी स्वतःची पाठ थोपटली. म्हटलं, बारा वर्षांच्या ओरडण्याने जे झालं नाही ते एका थापेने झालं. थाप कुणाच्या नावावर मारली, याचा विचारही मनात आला नाही.

तो विचार शनिवारी आला. फाटकापाशी आयांच्या पुढे शिवणवाल्या बाई उभ्या होत्या. हात रिकामे, तोंडभर हसू.

"मिस्तरी, आमच्या धाकटीचं झालं म्हणे! खारूताईनेच सांगितलं. मला आधी बोलला असतात तर? मी वेड्यासारखी तिला इतके दिवस घरात कोंडून ठेवत होते."

"कुठे आहे ती?" मी विचारलं.

"गेलीय बापाबरोबर मळणीवर. पहिल्यांदाच पाठवली."

मी मोटारसायकल काढली. बाई मागे बसल्या, मी का घाबरलोय हे त्यांना कळतच नव्हतं. शेतावर यंत्र चालू होतं. धाकटी शाफ्टजवळ उकिडवी बसून खाली सांडलेले दाणे वेचत होती. लांब वेणी खांद्यावरून पुढे आली होती आणि वाऱ्याने हलत होती. मी धडपडत जाऊन ट्रॅक्टर बंद केला. शाफ्ट गुरगुरत थांबला. धाकटीने वर पाहिलं आणि पुन्हा दाणे वेचायला लागली.

मी तिच्यासमोर बसलो. "पोरी, मी खोटं बोललो. तो स्वेटर खारूताईचाच होता. आणि तिचा असो की तुझा, त्याने काही होत नाही. तुझी वेणी आत्ता गेली असती."

मागून बाई म्हणाल्या, "आता नातीसाठी आमच्या पोरीचं काढून घेता होय?"

"बाई, घेण्यासारखं काही नाहीच—"

"मग नातीचं चोरून का केलंत? सगळ्यांच्या आधी, शर्टाच्या आत लपवून?"

धाकटीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आजोबा, मला भीती नाही वाटत. आधी खूप वाटायची. आता वाटतच नाही." तिचे डोळे स्वच्छ होते. कुणी सुखाने झोपून उठावं तसा चेहरा. त्या चेहऱ्याची मला शाफ्टपेक्षा जास्त भीती वाटली. तिच्या बापाच्या हातापाया पडून मी शाफ्टवर कव्हर चढवलं आणि परत आलो.

शेडमध्ये मुलं वाट बघून निघून गेली होती. खारूताई एकटी होती, पायरीवर, भिंतीवर नव्हे. फाटकावर बाई काय बोलल्या आणि मी कसा पळालो, ते तिने पाहिलं होतं.

"आजोबा, खरं सांगा. स्वेटर माझा की तिचा?"

एकीचं नाव घेतलं की दुसरी वाचते, असा प्रश्न होता तो. मी थकलो होतो. म्हटलं, आता खरं ते खरं. "तुझा. आणि तरीही तुला होऊ शकतं. एका क्षणात होऊ शकतं."

"मग मला का घातलात त्याच्यात?"

"भ्यालो होतो. चाक तुझ्याजवळ आलं ना, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. शहाणा माणूस असतो तर तुला जवळ घेऊन तेवढंच सांगितलं असतं."

ती पायरीवरची माती नखाने खरवडत बसली. मग खाली बघतच म्हणाली, "मी पण भ्याले होते. पाय उचलला तेव्हा. पोटात कसंतरी झालं. पण मला वाटलं, आपलं झालंय, आता भ्यायचं नसतं."

मी तिथेच भिंतीला टेकलो. बारा वर्षं घसा फोडून मी मुलांना जे द्यायला बघत होतो, ते हिच्याकडे जन्मापासून होतं. सगळ्यांकडेच असतं. ते मी दर शनिवारी एकेकाचं काढून शाफ्टला दिलं होतं, आणि आया ते इस्त्री करून पिशवीतून आणून देत होत्या.

"हे धाकटीला सांगशील?" मी विचारलं. "माझं ती ऐकत नाही. पाय उचलला तेव्हा तुला काय झालं, तेवढंच सांग."

ती पायरीवरून उठली. "आणि तरीही तिला भीती वाटली नाही तर?"

मी तिचा हात धरला आणि आम्ही शेताच्या दिशेने चालायला लागलो. ती मधूनच थांबून कान देत होती. लांबवर मळणी पुन्हा सुरू झाली होती, आणि तिच्या बोटांची पकड घट्ट होत चालली होती. मी ती सोडवली नाही.